गेट क्रमांक तीन

कुंडी सिमेंटची. गेल्या उन्हाळ्यातल्या जिरेनियमचे
वाळके बुडखे तिच्यात, आणि सिगारेटची थोटकं.
विनिपेगभोवती तळी काय कमी आहेत?
लव्हाळी आहेत, बेटं आहेत, निवांत चिखल आहे.
तिने पसंत केलं आमचं गेट क्रमांक तीन,
जिथे मागे येणारे ट्रक
दिवसभर टीं टीं टीं करतात.

हंस म्हटलं की वाटतं,
दूध वेगळं, पाणी वेगळं.
हा रानहंस तसला नव्हे.
काळी लांब मान, गालावर पांढरा पट्टा,
दाढीचा साबण पुसायचा राहिल्यासारखा.
निवाडा एकच करायचा:
माणसं इकडे, त्यांच्या गाड्या तिकडे.
मधे तो.

नवव्या दिवशी त्याने कुरिअरवाल्याची पोटरी धरली.
गुन्नार थॉर्स्टाइन्सन, आमचा मॅनेजर,
फळ्यासमोर खडू घेऊन उभा.
अपघाताविना दिवस: दोनशे बारा.
‘पक्षी चावला, तर तो अपघात का?’
लोर्ना वीबने चष्मा कपाळावर चढवला.
‘पक्ष्याच्या बाजूने बघितलं तर नाही.’
दोनशे तेरा झाले.
नारिंगी शंकू लागले, गेट बंद,
आणि आम्ही सगळे मागच्या दाराने,
कचऱ्याच्या पेट्यांना वळसा घालून, कामावर.

‘खायला घालू नये’ ही पाटी लोर्नानेच लिहिली.
पाव टाकताना मी तिलाच पाहिलं.

चोवीस एप्रिलला पुन्हा बर्फ पडला.
रात्रपाळीला डॅरेल फ्लेट होता.
त्याचं सांगणं म्हणजे चार शब्द:
‘बसून होती. पांढरी झालेली.’
मग बऱ्याच वेळाने, कॉफी संपल्यावर,
‘चोचीपाशी भोक होतं. श्वासाचं.
बोट जाईल एवढं.’

मी भिंगं तपासतो, दिवसाला चारशे जोड्या.
दुसऱ्यांना दिसावं म्हणून
स्वतः काही न बघण्याचं काम.
त्या महिन्यात मात्र खिडकीशी
उणे अकराचं एक चरा गेलेलं भिंग ठेवलं होतं.
त्यातून ती दिसे इवलीशी, लख्ख,
फार लांबच्या कुठल्या तरी गावी बसलेली.
दिवसातून एकदा उठायची घाईघाईने,
अंड्यांवर पिसांची दुलई ओढायची,
आणि मागे वळून बघत जायची,
गॅस बंद केला का, असं आठवत निघाल्यासारखी.

मे महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत,
पंखाखालून एक पिवळट डोकं आलं. ओलं. चिडलेलं.
सूप गार झालं सगळ्यांचं.

दुसऱ्या सकाळी निघाली.
चार पिल्लं कुंडीवरून टुपकन, टुपकन,
एक पाठीवर पडलं, उठलं, जणू तसंच ठरलं होतं.
रस्त्यापलीकडे, टायरच्या दुकानामागे,
पावसाच्या पाण्याचं तळं.
डॅरेलने फोर्कलिफ्ट थेट रस्त्यावर काढली,
पिवळा दिवा गरगरत, एक सिमेंटचा ट्रक अडवून.
नियमात बसत नाही.
गुन्नारने पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं,
आणि पाठ वळवून बोलत राहिला
न लागलेल्या फोनवर.

अंडी पाच होती.

पाचवं डॅरेलने आणलं, दोन्ही तळव्यांत.
कानाशी धरलं. मग माझ्यापुढे.
‘दिवसभर बघतोस ना? बघ.’
तपासणीच्या दिव्यावर मी ते धरलं.
कवच तांबूस उजळलं, माझ्या बोटांसकट.
आत काही नव्हतं,
किंवा होतं ते माझ्या ओळखीचं नव्हतं.
मान हलवली. तो घेऊन गेला,
होतं तिथेच ठेवलं, वर पिसं सारखी केली.

सोमवारी शंकू उचलले. गेट उघडलं.
ट्रक आले, टीं टीं टीं.
तरी जून संपेपर्यंत आम्ही
मागच्याच दाराने, पेट्यांना वळसा घालून,
आणि कोपऱ्याशी आलो की
आवाज आपोआप खाली.